बाग ताणावर असताना

सौसरला आमच्या घरी अधूनमधून लोक मोठाले तपकिरी लिफाफे घेऊन येतात. लिफाफ्यात डोक्याचे फोटो असतात. त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं, की मराठी शाळेतल्या बाईंच्या डोक्यात गाठ होती, त्या तीन दवाखाने फिरून आल्या अन् अजूनही फडाफडा बोलतात, तर त्यांना विचारून घ्या कुठं न्यायचं. कोणी रामाकोन्याहून येतं, कोणी बोरगावहून. मी त्यांना बसवते, चहा देते, अन् दवाखान्याचं नाव मात्र सांगत नाही. नाव सांगितलं की लोक बाकीचं ऐकतच नाहीत, लगेच गाडीची वेळ विचारतात.

तेव्हा जे मी त्यांना चहाबरोबर सांगते ते इथं लिहिते आहे. घाई असेल त्यांनी एवढंच वाचावं: माझी गाठ हळू वाढणारी होती, बरीचशी काढली, थोडी मुद्दाम ठेवली. ती अजून डोक्यात आहे. मागच्या खेपेला फोटो काढला तेव्हाही तेवढीच होती. मी शाळेत शिकवते अन् पोट्ट्यांना रागावते. बाकीचं ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

माझं नाक

माझं माहेर पांढुर्ण्याचं, मास्तरांचं घर. लग्न होऊन आले ती संत्र्याच्या घरात. सौसरात घर अन् मोहगावच्या अलीकडे बाग. यायच्या आधी मी संत्रा फक्त सोलून खाल्लेला. पण देवानं मला नाक भलतं तीक्ष्ण दिलं. दूध उतू जायच्या आधी मला ओसरीत कळायचं. सासूबाई म्हणायच्या, हिच्यापासून घरात काही लपवायची सोय नाही.

बागेतही हेच. आमच्या ह्यांना बहाराचा वास येत नाही. जन्म तिथंच गेला, नाक मरून गेलं. 'रोजच्या माणसाले कायचा वास येते' असं म्हणून ते विडी पेटवायचे. मी शेतावर असले की पहिलं फूल उमललं हे मीच सांगायची. मग हे जाऊन पाहायचे अन् तिथं फूल असायचंच.

आता ताण म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आंबिया बहार, म्हणजे माघातला बहार, हवा असला की हिवाळ्यात झाडांचं पाणी तोडतात. झाड तहानतं, मलूल होतं, पानं गाळतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. ताण पुरा झाल्यावर पाणी दिलं की झाड अंगभर फुलतं. आधीच दिलं तर नुसता पाला काढतं, त्या वर्षी फळ विसरा. अन् फूल निघूनही पाणी अडवून धरलं, तर फूल गळून जातं. म्हणून त्या दिवसांत सगळ्या घराचा जीव टांगलेला असतो. त्यात विहिरीजवळ आमचं एक जंभेरीचं झाड आहे. जंभेरी म्हणजे ज्या आंबट झाडावर संत्र्याचा डोळा बांधतात ते. त्याला ना ताण ना बहार, मनात येईल तेव्हा फुलतं. फूल संत्र्यासारखंच, फक्त पाकळीला जांभळी झाक असते. संत्र्याचं फूल निव्वळ पांढरं. नवीन होते तेव्हा मी दोन्हींत घोळ करायची अन् हे हसायचे.

त्या हिवाळ्यात नाताळाच्या सुट्टीत आम्ही शेतावर होतो. बाग ताणावर. मी खोपीसमोर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, अन् एकदम बहाराचा वास आला. असा भरून आला, की घशात उतरला. वाटलं, हे सगळं असंच आधी कधी घडून गेलेलं आहे, ह्याच शेंगा, हेच ऊन. मग वास गेला. मी ह्यांना हाक मारून म्हटलं, अजी, फूल निघालं.

आदल्या आठवड्यात आभाळ आलं होतं, दोन थेंब पडलेही होते. ताण आपोआप तुटला असेल असं ह्यांना वाटलं. हे पाहून आले, तर धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, झाडांवर चुकार फुलं सापडली. चुकार फुलं कुठं ना कुठं सापडतातच. सासूबाई म्हणाल्या, थांबून पाहा. हे म्हणाले, हिचं नाक कधी चुकलं नाही. अन् पाणी सोडलं.

बागेनं पाला काढला. अशी हिरवीगार बाग मी कधी पाहिली नव्हती, अन् पाहवतही नव्हती. सासूबाई माझ्याशी तुटक बोलायला लागल्या, शेजारणीजवळ माझ्या देखत म्हणाल्या, की मास्तराच्या पोरीच्या नाकावर बाग सोडली आम्ही. त्याचा मला राग आला. पण हे काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

वास मात्र येतच राहिला. वर्गात फळ्यासमोर, सौसरच्या बाजारात, एकदा तर भर पोळ्या लाटताना. फूल कुठंच नाही अन् वास असा की डोळे मिटावेत. आता कोणाला सांगायची सोय राहिली नव्हती. अन् खरं सांगू का, मला तो आवडायचा. मी त्याची वाट पाहायची.

पांढुर्ण्याला

उन्हाळ्यात दादाकडे गेले होते. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, तोही मास्तर. त्याला पेपर वाचून दाखवत होते. आधी तो वास आला, मग पेपरातले शब्द दिसत होते पण तोंडातून भलतंच काही निघत होतं. दादा आधी हसला. मग मी खाली पडले अन् पुढचं मला माहीत नाही.

पांढुर्ण्यात डोक्याचं काही निघालं की डॉक्टर पहिलं गोटमारीचं विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून गोटे चालतात, त्यामुळं कितीजणांच्या टाळूवर खूण आहे. डॉक्टरांनी माझे केस बाजूला करून खूण शोधली. दादा म्हणाला, ही गच्चीवरून पाहत होती, हिला कोण मारेल. डॉक्टरांनी पुन्हा एकदा शोधलं. खूण सापडली असती तर बरं झालं असतं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती नव्हती म्हणून आम्ही नागपूरला गेलो.

नागपूर

नागपूरला डोक्याचे फोटो काढायचं यंत्र नवीनच आलं होतं. एका खाजगी दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो पाहिले अन् ह्यांना आत बोलावलं. मला नाही. मी बाहेर बाकावर. हे बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

'काही नाही,' म्हणाले, 'बारकीशी गाठ आहे.'

'बारकी आहे, तर तुम्ही तोंड काहून धुतलं?'

मग सगळं निघालं. गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या जागेला चिकटून. हळू वाढणारी, पण वाढणारी. डॉक्टरांचं म्हणणं, याच आठवड्यात उघडायचं अन् सगळी काढून टाकायची. बोलणं जाऊ शकतं, जीव राहील. स्वच्छ चादरी, डोक्यावर पंखा, गोड बोलणाऱ्या नर्सबाई. शेजारच्या खोलीत एक गृहस्थ होते, त्यांची गाठ भरभर वाढणारी, त्यांना त्या डॉक्टरांच्या घाईनंच वाचवलं होतं. त्यांची बायको मला देवाची शपथ घालून सांगत होती, की बाई, थांबू नका. म्हणून त्या दवाखान्याला मी नावं ठेवत नाही. पण माझी गाठ त्यांच्यासारखी नव्हती, अन् माझं बोलणं जाणार हे माझ्याशी कोणी बोललंच नव्हतं. मी बाई आहे वर्गातली. मुकी होऊन मी फळ्यासमोर काय करणार होते? मी खाटेवरून उतरले अन् चपला घातल्या.

घरी येऊन भांडणं झाली. दादा म्हणे, वेळ घालवू नका. हे म्हणत, अजून एकाला विचारू. सासूबाई म्हणाल्या, घरातच राहू द्या तिला, आहे तेवढे दिवस सुखानं जातील. मी ज्वारी निवडत होते अन् मला सगळ्यांचाच राग येत होता.

मुंबई

दादाच्या ओळखीनं मुंबईच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली. आधी जमिनीवर गादी, मग खाट. मोठे डॉक्टर सकाळी येत, मागं शिकणाऱ्या मुलामुलींचा घोळका. फोटो खिडकीशी धरत अन् इंग्रजीत समजावत. मला थोडं थोडं कळायचं. माझ्या डोक्याबद्दल इतकं शहाणं बोलणं चाललेलं अन् मी मध्ये पडलेली, वर्गात ठेवलेल्या नकाशासारखी. पण तपासायचे नीट. नागपूरला जे कोणी विचारलं नाही ते त्यांनी विचारून पाहिलं: वस्तूंची नावं सांगा, उलटं मोजा, गोष्ट सांगा.

त्यांचा निकाल उलटा. उघडायचंच नाही. भोक पाडून एक कण तपासायला घ्यायचा अन् मग शेक द्यायचे, म्हणजे किरणांचा उपचार. हळू वाढणारीला कशाला डिवचायचं. नंबर लागेपर्यंत थांबा, म्हणाले. थांबणाऱ्यांची रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत होती.

शेजारी कोकणातली एक बाई होती. ती रोज संध्याकाळी माझी वेणी घालायची. म्हणायची, कापतीलच एखाद दिवशी, तोवर मिरवून घ्या. तिच्या हातात माझी आई होती असं मला वाटायचं, अन् मी मान तिच्याकडं सोडून द्यायची.

त्या दवाखान्यात फिनेलशिवाय दुसरा वास नव्हता. पण माझा वास तिथंही यायचा, अन् रोज यायचा. वॉर्डात दिवे लागायच्या सुमाराला बहार दरवळायचा, अन् मी खाटेवर पडल्या पडल्या मोहगावच्या रस्त्याला लागायची. खोपी, विहीर, शेणानं सारवलेलं अंगण, ह्यांची विडी. क्षणभर असायचं ते. मग पुन्हा फिनेल. घरची अशी ओढ मला लग्नात माहेर सुटलं तेव्हाही लागली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या त्या क्षणासाठी मी दिवस काढायची.

हे पायथ्याशी स्टुलावर बसून असत. एकदा म्हणाले, दोघंही एवढे शिकलेले, अन् दोघांचं दोन. आपण कोणाचं ऐकावं? नंबर लागायच्या आधीच आम्ही निघून आलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनीच जाताना हळूच सांगितलं होतं, की दक्षिणेत एक मिशनचा दवाखाना आहे, तिथं दाखवून पाहा.

दक्षिणेत

तिकडं सगळंच वेगळं. रोग्याबरोबर घरचं माणूस पाहिजेच, अन् त्यानं बाहेर खोली घेऊन स्वयंपाक करायचा. आमच्या ह्यांनी जन्मात चहा केला नव्हता. स्टोव्हवर भात लावायचे, खालून करपलेला, वरून कच्चा. बाजूच्या खोलीतल्या बंगाली बाईला दया यायची, ती वाटीभर डाळ द्यायची. हे म्हणायचे, आपल्यासारखी नाही, पण डाळ आहे.

डॉक्टर सडपातळ, हळू बोलणारे, मोडकी हिंदी. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं अन् माझ्याकडं पाहून बोलायला सुरुवात केली. ह्यांच्याकडं नाही. मला तिथंच रडू आलं. त्यांनी रडू दिलं. मग विचारलं, दिवसभर काय करता? मी म्हटलं, शिकवते, रागावते, अन् बागेत गेले की वास घेते. ते म्हणाले, कसला वास?

तेव्हा मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. फळ्यासमोरचा वास, मुंबईचा वास, पेपर वाचतानाचा वास. डॉक्टर मान हलवत होते. म्हणाले, तो वास बागेतून येत नव्हता, गाठीतून येत होता. झटक्याची ती सुरुवात. बहुतेकांना जळकट घाण वास येतो. तुम्हाला फुलांचा आला, नशीबवान आहात.

हे माझ्याकडं वळले.

'मंग त्या दिवशी शेतावर…'

'हाव,' मी म्हटलं.

'म्हणजे तुह्यं नाक नव्हतं चुकलं,' हे म्हणाले, अन् डॉक्टरांसमोर लहान पोरासारखे रडायला लागले. वर्षभर मनात धरून ठेवलेलं होतं त्यांनी. मला राग येत होता तो त्यांच्या गप्प बसण्याचा, अन् ते गप्प होते ते मला दोष देणारा शब्द तोंडून निघू नये म्हणून.

डॉक्टरांनी काय ठरवलं ते सांगते. पुढचा भाग काढायचा, जिथून वास येतो तो. मागचा शब्दांना चिकटलेला ठेवायचा. ही गाठ हळू चालते, म्हणाले, आपणही तिच्यावर नजर ठेवून चालू. वास जाईल. परत आला तर समजा ती हलली असेल, लगेच या.

मी विचारलं, अन् खरा वास? बहाराचा? ते खोटं बोलले असते तरी चाललं असतं. पण म्हणाले, सांगता येत नाही.

आता लिफाफेवाल्यांना मी जे सांगते ते हे. फोटो सगळीकडं एकच होता. फरक होता तो कोण कशाला भितं याचा. नागपूरचे डॉक्टर गाठ मागं राहण्याला भीत होते, मुंबईचे तिला हात लावण्याला. तिसऱ्यांनी मला विचारलं, तुम्ही कशाला भिता? मी म्हटलं, मुकी होण्याला. तुमची भीती वेगळी असेल, तर तुमचा दवाखानाही वेगळा असेल. तेव्हा आधी ती तुमची तुम्ही ठरवा, मग गाडी पाहा.

परत

दिवाळीच्या आत घरी आले. डोक्याला रुमाल, आत केसांचे खुंट. सुरुवातीला शब्द दगा द्यायचे. चमच्याला झारा म्हणायची, सासूबाईंना दादा म्हणून हाक मारली. त्या 'काय वं' म्हणून आल्या, हसल्या नाहीत. हळूहळू शब्द जागेवर आले. शाळेत गेले त्या दिवशी एका पोट्टीला रागावले अन् तिच्यापेक्षा मलाच जास्त आनंद झाला.

वास मात्र गेला. म्हणजे काहीतरी आहे एवढं कळायचं, काय आहे ते नाही. तूप अन् रॉकेल सारखंच. खोटा वास तर गेलाच गेला.

माघात बाग फुलली. आदल्या वर्षी फळाविना राहिलेली, ती अशी फुलली की रस्त्यानं जाणारे सायकलवरून उतरून उभे राहायचे. मी झाडाखाली उभी, डोक्यावर पांढरी फुलं, अन् मला काही नाही. सासूबाईंनी दोन-चार फुलं तोडून तळहातावर चुरडली अन् माझ्या नाकाशी धरली.

'घे,' म्हणाल्या. 'येते का?'

मी म्हटलं, येते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, अन् हात पुसून टाकला.

दवाखान्यात कोणी सांगत नाही म्हणून लिहिते: आजार गेल्यावर माणूस आजारालाही झुरतं. मुंबईच्या खाटेवर मला रोज घर भेटत होतं, अन् घरी येऊन ते भेटेनासं झालं. डोळ्यांपुढं सगळं होतं, विहीर, खोपी, हे, पण आतलं काहीतरी बंद झालेलं. दिवे लागायच्या वेळी मी ओसरीत बसून वाट पाहायची. जे परत आलं तर माझं काही खरं नव्हतं, त्याची.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बाग ताणावर सोडली. सुट्टीत पुन्हा शेतावर. मी खोपीसमोर शेंगा सोलत होते, हे दोर वळत होते. ऊन उतरलं होतं. पानं मलूल होऊन लटकलेली, फांदीवर कळीचं नाव नाही.

अन् तो आला. पुरा, घशापर्यंत.

मला आधी आनंद झाला. एवढी मोठी बाई मी, डोकं उघडून शिवलेलं, अन् मला आनंद झाला, की आलास बाबा. भीती नंतर आली.

'अजी,' मी म्हटलं, 'फूल निघालं काय हो?'

ह्यांचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बागेकडं. उठले अन् झाडांत शिरले. मला त्यांची पांढरी बंडी झाडांमधून हलताना दिसत होती. एकेक झाड पाहत होते, फांद्या उचलून, खाली वाकून. एक ओळ झाली, दुसरी झाली. धुऱ्यापर्यंत गेले, परत फिरले. आता फक्त एक फूल पाहिजे होतं, खऱ्या संत्र्याचं एक, कुठंही. चुकार फुलं कुठं ना कुठं सापडतातच. मी देवाला म्हणाले, पुन्हा बाग बुडू दे, पण तिथं फूल असू दे.

पार अंधारून आलं तेव्हा हे आले. मूठ बंद. माझ्या हातावर उघडली.

'निघालं,' म्हणाले. 'धुऱ्याकडच्या झाडावर. तुह्यं नाक बरोबर आहे.'

मी फूल कंदिलाजवळ नेलं. पाकळीच्या कडेला जांभळी झाक होती.

त्यांच्याकडं पाहिलं, तर ते हात धूत होते. 'हाव,' मी म्हटलं, 'निघालं.' अन् त्यांना भाकर वाढली.

सकाळी उठून बाहेर आले. फूल निघालं असतं तर ह्यांनी पहाटेच पाणी सोडलं असतं, मोटारीचा आवाज आला असता. पाट कोरडा होता. झाडं तशीच मलूल उभी होती. हे ओट्यावर बसून जोडे घालत होते, बाजूला पिशवी.

'पाणी नाही सोडलं?' मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही.

'पांढुर्ण्याले जाऊन येतो,' म्हणाले. 'दक्षिणेचं तिकीट काढतो. दोघांचं.'

मी चूल पेटवली अन् त्यांच्यासाठी चहा ठेवला.